साधे संपले, ‘पॉवर’ आहे!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास गंगाखेडला एका लग्नाला निघालो होतो. गाडीत सौ., मागे थोरली बहीण, तिची दोन नातवंडे आणि आहेराच्या पिशव्या. गाडी आठ-नऊ वर्षांची, लहानशी. या जिल्ह्यात मास्तर-कारकुनांच्या दारात उभी असते तशी. काटा खाली आलेला, म्हणून गावाबाहेर पडता पडता एका पंपावर थांबलो. टाकीचे झाकण उघडण्याआधीच नळी हातात घेतलेल्या पोराने सांगून टाकले, ‘‘साधं संपलं, सर. पावर हाये. टाकू का?’’

लग्नघटिका कुणासाठी थांबत नाही. मी मान हलवली. पावती पाहून बहीण म्हणाली, ‘‘महाग आहे म्हणजे चांगलंच असणार रे. गाडीला ताकद येईल.’’ सौ.चे मत नेमके उलटे. तिच्या भावाने तिला सांगून ठेवलेले, की असले ‘जड’ पेट्रोल साध्या गाडीत घातले की इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जळतात. गंगाखेड येईपर्यंत गाडीत दोन पक्ष पडले. माझी सारी नोकरी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली; पण मी मुकाट्याने गाडी हाकत राहिलो. दोन्ही पक्षांना पटेल असे एका वाक्यातले उत्तर त्या क्षणी माझ्यापाशी नव्हते.

आज ते उत्तर थोडे विस्ताराने मांडतो आहे. प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधला वाटेल. पण तो नीट उलगडू लागलो की गॅरेजातून निघून पंपावर, पंपावरून मनमाडच्या डेपोत आणि शेवटी आपल्या खिशाशी येऊन थांबतो. परभणीकराच्या खिशाशी तर विशेषच.

भारतात परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही परभणीकर म्हणत आलो. त्यात अभिमान किती आणि स्वतःचीच थट्टा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पेट्रोलच्या बाबतीत मात्र ही म्हण चांगलीच अंगाशी आली. सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यात पेट्रोलने नव्वदी गाठली तेव्हा आघाडीवर नाव परभणीचे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये येथील ‘पॉवर’ पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात साध्यानेही तिला गाठले. त्या दिवसांत देशातील काही जुन्या पंपांवरच्या यंत्रांना तीन आकडी दर दाखवताच येईना. यंत्र बनवणाऱ्याला अशी वेळ येईल असे वाटलेच नसावे. मुंबईचा धनिक आपल्या आलिशान गाडीत भरतो त्यापेक्षा महाग पेट्रोल सेलू-जिंतूरचा शेतकरी आपल्या फटफटीत भरतो, हे दृश्य तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आणि दोन दिवसांत विसरूनही गेला.

कारण फार गूढ नाही. परभणीला इंधनाचा डेपो नाही. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातले पेट्रोल नळवाटे मनमाडजवळच्या पानेवाडीला येते आणि तेथून टँकरने तीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता तुडवत आमच्याकडे. या वाहतुकीचा खर्च लिटरच्या भावात मिळवला जातो. राज्याचा कर टक्केवारीने लागतो, म्हणून तो मूळ किमतीबरोबर त्या वाहतुकीवरही बसतो. म्हणजे दूर राहण्याचा दंड आणि त्या दंडावर पुन्हा कर. वर्षानुवर्षे मुंबई-ठाण्याला कराचा टक्का उर्वरित महाराष्ट्रापेक्षा एकाने जास्त होता, तरी भाव आमचाच चढा राहिला. २०१५ च्या दुष्काळात राज्य सरकारने निवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लावला, तोही ज्याच्या विहिरीला पाणी नव्हते त्या मराठवाड्यातल्या माणसाने पंपावर इमानेइतबारे भरला.

अशा जिल्ह्यात ‘साधे संपले, पॉवर आहे’ या वाक्याला वजन येते. जिथे साधेच सर्वांत महाग, तिथे आणखी पाच-सात रुपये का मोजायचे? मोजले तर पदरात काय पडते?

ऑक्टेन म्हणजे काय रे भाऊ?

पेट्रोलच्या इंजिनात काय घडते ते आधी पाहू. दट्ट्या खाली येताना हवा आणि पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये ओढली जाते. दट्ट्या वर जाताना हे मिश्रण दाबले जाते. नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि तो जोर दट्ट्याला खाली ढकलतो. हे ज्वलन आपल्याला स्फोट वाटत असले, तरी प्रत्यक्षात ती सरकत जाणारी आग असते. कडब्याच्या गंजीला एका कोपऱ्यात काडी लावली तर आग त्या कोपऱ्यापासून पुढे पुढे जाते, तशी. ठिणगीपाशी पेटलेली ज्योत क्रमाने सिलिंडरभर पसरली, तर इंजिन समाधानाने चालते.

पण वायू दाबला की तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. मिश्रण फार दाबले, फार तापले, तर ज्योत पोहोचण्याआधीच पलीकडचे मिश्रण आपोआप भडकते. गंज चार ठिकाणी एकदम पेटावी तसा प्रकार. मग दोन दाबांच्या लाटा एकमेकींवर आदळतात आणि इंजिनातून टकटक असा धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. आमचे मिस्त्री म्हणतात, ‘‘इंजिन ठोकायलंय.’’ असे फार काळ ठोकत राहिले तर दट्ट्याला खळगे पडतात आणि मग खर्च हजारांत जातो.

पेट्रोलची ही अवेळी न भडकण्याची सहनशक्ती मोजण्यासाठी १९२० च्या दशकात अमेरिकेत एक मोजपट्टी ठरली. आयसो-ऑक्टेन नावाचा अत्यंत सोशिक द्रव घेतला, त्याला १०० गुण दिले. नॉर्मल हेप्टेन नावाचा भडकू द्रव घेतला, त्याला शून्य. या दोघांच्या ९१ आणि ९ भाग मिश्रणाइतकी जे पेट्रोल कळ काढते, ते ९१ ऑक्टेनचे. इतकाच या आकड्याचा अर्थ.

इथेच बहिणीच्या ‘ताकदी’चा निकाल लागतो. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. ९५ ऑक्टेनच्या लिटरमध्ये ९१ ऑक्टेनच्या लिटरपेक्षा जास्त उष्णता भरलेली नसते. ऑक्टेन सांगतो तो फक्त इंधनाचा संयम. त्या संयमाचा उपयोग होतो, पण जे इंजिन मुळातच मिश्रण जास्त दाबते त्याला. जास्त दाबले तर तेवढ्याच इंधनातून जास्त काम मिळते, हे खरे. परंतु किती दाबायचे हे कारखान्यात इंजिन घडवतानाच ठरलेले असते. जुन्या फियाट-ॲम्बॅसॅडरची इंजिने मिश्रणाला साधारण सातपट, साडेसातपट दाबत. आजच्या लहान मोटारी दहा ते बारापट दाबतात. टर्बो बसवलेली इंजिने त्यावर आणखी हवा कोंबतात. ज्याची भूक जशी, तसा त्याचा घास. टाकीत ओतलेल्या पेट्रोलने इंजिनाचे हे मूळ माप बदलत नाही.

लग्नाहून परतल्यावर हाच प्रश्न मी आमच्या मिस्त्रींना विचारला. तीस वर्षे त्यांचा हात ग्रीसमध्ये आहे. पान्याने डोके खाजवत ते म्हणाले, ‘‘सर, बैलाला बदाम चारले तर औत दुप्पट चालतं का?’’ माझ्या तासाभराच्या व्याख्यानाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.

मग नुकसान होते का?

आता सौ.च्या भावाचे म्हणणे तपासू. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल जास्त गरम जळते, इंजिन खाते, ही समजूत गावोगाव आहे. तिला आधार नाही. इंजिन तयार करणारा आपल्या पुस्तिकेत किमान ऑक्टेन लिहितो, कमाल लिहीत नाही. साध्या गाडीत ९५ किंवा १०० घातले तरी सिलिंडरमध्ये ज्वलन जवळपास तसेच होते. व्हॉल्व्ह जळतात ते चुकीच्या जुळणीने, बिघडलेल्या मिश्रणाने, थंडाव्याच्या पाण्याकडे दुर्लक्ष केल्याने. बदाम खाऊन बैल मरत नाही. मालकाचे दिवाळे तेवढे निघते.

या समजुतीमागे एक जुनी आठवण असावी. पेट्रोलची सहनशक्ती वाढवण्यासाठी पूर्वी त्यात शिशाचे संयुग घालत. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील थॉमस मिजली या तंत्रज्ञाला तो उपाय सापडला आणि पुढे पन्नास वर्षे जगभरच्या मोटारी धुरातून शिसे ओकत राहिल्या. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हला त्या शिशाचे वंगणासारखे पाठबळ असे. ते गेल्यावर ‘नव्या पेट्रोलने व्हॉल्व्ह जळतात’ ही ओरड सुरू झाली. पेट्रोल बदलले, गाड्या बदलल्या, ओरड मात्र टिकली आणि पुढे ‘पॉवर’च्या नावावर जमा झाली.

थोडक्यात, साध्या इंजिनाला महाग पेट्रोल ना अमृत, ना विष. फायदा कुणाला? ज्याच्या पुस्तिकेत ९५ किंवा त्याहून अधिकची शिफारस केली आहे, त्याला. ज्या गाडीत ठोकण्याचा आवाज टिपणारा संवेदक, म्हणजे एक प्रकारचा कान बसवलेला असतो, तिचा संगणक आवाज आला की ठिणगी थोडी उशिरा पाडतो आणि जोर थोडा घटवतो. अशा टर्बो गाडीत, ४५ अंशांच्या उन्हात, पाच माणसे बसवून, वातानुकूलन लावून चढ चढताना चांगले ऑक्टेन उपयोगी पडते. मात्र हा कान नुसता असून भागत नाही. हात पुढे सरकवायला जागाही हवी. साध्या इंजिनाला ९१ वर जेवढा जोर काढायचा तेवढा तो काढतच असतो.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत महाग पेट्रोल घालून चाचण्या घेतल्या. ताकद, ॲव्हरेज, धूर, कशातही नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही. आणि तेथील वाहनचालक अशा रीतीने वर्षाला दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाया घालवतात असा हिशेब त्यांनी मांडला. पुढच्या वर्षी ज्या गाड्यांना महाग पेट्रोलची शिफारस असते त्या तपासल्या. त्यांतही ॲव्हरेज सरासरी २.७ टक्केच वाढले.

आता आपला हिशेब करू. समजा साधे १०५ रुपये आणि ‘पॉवर’ सहा रुपयांनी महाग. म्हणजे किमतीत ५.७ टक्के वाढ. वीस किलोमीटर ॲव्हरेज देणाऱ्या गाडीने २१.१ किलोमीटर दिले, तर कुठे पैसे वसूल होतात. शिफारस असलेल्या गाड्याही सरासरीने साडेवीसच्या आसपासच थांबतात. आपली गाडी तर त्या शिफारशीतलीही नाही. महिन्याला तीस लिटर धरले तर वर्षाला २१६० रुपये. एवढ्यात हवेची जाळी, प्लग आणि ऑइल यांची व्यवस्था लागते आणि त्याचा फरक गाडीला खरोखर जाणवतो. चाकांतली हवा तर पंपावर फुकट मिळते, आणि आपण ती महिनोन् महिने पाहत नाही.

एक गोष्ट मात्र महाग पेट्रोलच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यात काजळी साफ करणारी रसायने अधिक घातलेली असतात. इंधनाची फवारणी करणाऱ्या सूक्ष्म छिद्रांशी साचलेला थर ती हळूहळू धुतात, त्यामुळे वापरून थकलेली गाडी दोन-चार टाक्यांनंतर थोडी मोकळी वाटू शकते. हा फायदा खरा आहे. पण तो साबणाचा आहे, ऑक्टेनचा नाही. आणि आंघोळ रोज केली तरी माणूस रोज अधिक गोरा होत नाही.

विश्वास का बसला?

मग प्रश्न उरतो. इतकी माणसे शपथेवर सांगतात, ‘पॉवर टाकलं की गाडीचा आवाज बदलतो.’ ती सगळी खोटे बोलतात का? मला तसे वाटत नाही. त्यांचा अनुभव खरा होता, त्याचे कारण त्यांनी चुकीचे लावले.

माझ्या पिढीला आठवत असेल, एके काळी पेट्रोलात रॉकेल मिसळणे हा उघड धंदा होता. रेशनवरचे निळे रॉकेल अनुदानामुळे पाण्याच्या भावाने मिळे आणि पेट्रोल कितीतरी पट महाग. दोन भावांमधल्या या दरीत पैसा पडलेला होता, तो उचलायला माणसे तयारच होती. रॉकेलचे ऑक्टेन अगदी कमी. ते मिसळले की ९१ चे पेट्रोल नावालाच ९१ राहते, इंजिन ठोकू लागते, काजळी धरते, सकाळी किक मारून मारून पाय दुखतात. अशा पंपावर नेहमी भरणाऱ्याने एखाद्या दिवशी दुसरीकडे बंदिस्त देखरेखीखालचे महाग पेट्रोल भरले, तर गाडीचा आवाज बदलणारच. त्याला वाटले पॉवरने ताकद आली. प्रत्यक्षात त्याला त्या दिवशी निर्भेळ पेट्रोल मिळाले होते. साध्या पेट्रोलच्या भावात त्याला जे मिळायलाच हवे होते, त्यासाठी त्याने जादा पैसे मोजले आणि वर उपकार मानले.

या धंद्याची मुळे कुठवर गेली होती, ते आम्हाला फार जवळून कळले. ज्या पानेवाडीतून आमचे पेट्रोल येते, त्याच पानेवाडीजवळ २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी भरदिवसा जिवंत जाळले. रस्त्याने जाताना त्यांना टँकरमधला गैरप्रकार दिसला आणि ते थांबले, एवढाच त्यांचा अपराध. लाखो सरकारी कर्मचाऱ्यांनी त्या आठवड्यात काम बंद ठेवून निषेध केला. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी येथे एस. मंजुनाथ या तेल कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याला भेसळीच्या पंपावर कारवाई केल्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या होत्या. टाकीत पडणारा प्रत्येक थेंब शुद्ध असावा यासाठी दोन माणसांनी प्राण दिले. ऑक्टेनच्या जाहिरातींत ही नावे कधी येत नाहीत. पण साध्या पेट्रोलची जी काही पत आज आहे, तिच्यात त्यांचा वाटा आहे.

पुढे रॉकेलचे अनुदान टप्प्याटप्प्याने संपले, टँकरची कुलपे आणि देखरेख सुधारली, आणि रॉकेल मिसळण्यातला नफाच आटला. तरीही मनातला संशय गेला नाही. आणि संशयी माणसाला विकायला सर्वांत सोपी वस्तू म्हणजे भरवसा. ‘पॉवर’ घेणारे बहुतेक लोक ऑक्टेन विकत घेत नाहीत. चार पैसे जास्त देऊन ते मनाची खात्री विकत घेतात.

इथेनॉल आले, आकडा बदलला

२०२५ मध्ये या चित्रात नवा रंग भरला. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. इथेनॉल ऊस आणि मक्यासारख्या पिकांपासून होते. आमच्या गोदाकाठच्या ऊसवाल्याला त्यातून चार पैसे मिळत असतील तर त्याचा मत्सर करण्याचे कारण नाही. (मराठवाड्याच्या पाण्याचे काय, हा स्वतंत्र लेखाचा विषय.) प्रश्न आहे तो गाडीवाल्याचा.

इथेनॉलचे ऑक्टेन शंभराच्या वर आहे. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या साध्या पेट्रोलसाठी भारतीय मानकानेच किमान ९५ ऑक्टेन ठरवले आहे. भारत स्टेज-२ च्या काळात साधे पेट्रोल ८८ चे होते, भारत स्टेज-६ मध्ये ९१, आणि आता ९५. वाचकांनी इथे जरा थांबावे. ज्या ९५ या आकड्यासाठी आपण कालपर्यंत जादा पैसे मोजत होतो, तो आज साध्या नळीतूनच यायला हवा. मग ९५ चे नाव लावलेल्या महाग पेट्रोलमध्ये ऑक्टेनपुरते वेगळे काय उरले? साफसफाईची रसायने उरली, एवढेच.

ऑक्टेन चढले म्हणून ताकद चढली का? नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या दोन तृतीयांशच उष्णता असते. साधा गुणाकार केला तरी वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के उष्णता कमी भरते. ऑगस्ट २०२५ मध्ये वाहनधारकांनी ओरड केली तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने ॲव्हरेजमधली घट नव्या गाड्यांत एक-दोन टक्के आणि इतरांत तीन ते सहा टक्के असल्याचे सांगितले; काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील हेही मान्य केले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, अशी याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. धोरण म्हणून त्याचे समर्थन होऊ शकते. परकीय चलन वाचते, शेतकऱ्याला बाजार मिळतो. पण लिटरमधला ऐवज कमी झाला तेव्हा भाव त्या प्रमाणात उतरला नाही, हे ग्राहकाच्या बाजूने कुणीतरी नोंदवायला हवे.

आणि नेमक्या याच घटीवर इलाज म्हणून पुन्हा ‘पॉवर’ पुढे केले जाते. ‘साध्यात ॲव्हरेज पडत नाही ना? मग हे टाका.’ परंतु ९५ ऑक्टेनच्या महाग पेट्रोलातही इथेनॉल असतेच. गेलेली उष्णता जादा पैसे देऊन परत येत नाही. ऑक्टेन आणि ताकद यांची गल्लत किती महागात पडते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी वर्गात देता आले नसते.

विचारायचे ते वेगळेच

मग परभणीकराने पंपावर काय विचारावे? मी गेल्या काही महिन्यांपासून तीन गोष्टी करतो आणि त्या तिन्ही फुकट आहेत.

पहिली, घनता. प्रत्येक पंपावर त्या दिवशीच्या पेट्रोलची घनता लिहिलेली असते आणि टँकरबरोबर आलेल्या कागदावरही ती असते. पंधरा अंश तापमानाला आणून केलेल्या हिशेबात दोन्हींत तीन एककांहून अधिक फरक पडला, तर संशयाला जागा आहे. काचेचा तरंगमापक पंपावर ठेवणे बंधनकारक आहे आणि मागितल्यास तो दाखवावा लागतो. दुसरी, गाळणकागद. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला की दोनेक मिनिटांत उडून जायला हवा. मागे डाग राहिला तर काहीतरी मिसळलेले आहे. तिसरी, पाच लिटरचे प्रमाणित माप. मापात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून अधिक तूट बसत नाही. पावसाळ्यात चौथी गोष्ट जोडावी: इथेनॉलला पाण्याची ओढ असते. जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपले तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसते, आणि तो तळ आपल्या टाकीत आला तर गाडी हमखास बंद पडते. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पंपावर पाणी तपासले का, एवढे विचारायला लाजू नये.

मी पहिल्यांदा गाळणकागद मागितला तेव्हा पंपावरच्या पोराने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याच्या मालकाची सातबारा मागितली. शोधाशोध करून त्याने तो आणला. मागे उभ्या असलेल्या तीन-चार दुचाकीवाल्यांनी आधी हॉर्न वाजवले, मग गाड्या स्टँडवर लावून तेही पाहायला आले. थेंब उडाला, कागद कोरा राहिला. पोराचा चेहरा उजळला. ‘‘बघा सर, आपला माल एक नंबर हाये,’’ तो म्हणाला. त्यालाही ते त्या दिवशीच कळले असावे.

मला हे दृश्य फार मोलाचे वाटले. त्या कोऱ्या कागदाने साध्या पेट्रोलवरचा विश्वास जेवढा वाढवला, तेवढा कुठल्याही रंगीत फलकाने वाढवला नसता. सहा रुपये जास्त देऊन आपण शोधत होतो तो भरवसा तिथे फुकट मिळत होता, फक्त मागायचा होता.

आमच्या भागाविषयी जुनी म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. कुठेच जमले नाही तर शेवटी परभणी आहेच, असा तिचा अर्थ. दूर असल्याचा दंड आम्ही भरतो आहोत आणि डेपो जवळ येईपर्यंत, वाहतुकीवरचा कर उतरेपर्यंत भरत राहू. तो दंड कमी करण्याची मागणी लोकप्रतिनिधींकडे करीतच राहिली पाहिजे. पण त्या दंडावर स्वतःच्या हाताने आणखी एक दंड बसवून घेण्याचे कारण नाही. आपल्या गाडीला काय हवे ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले आहे. बहुतेक घरी ती पुस्तिका डिकीत, जॅकच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेली असते. ती काढावी, झटकावी आणि एकदा वाचावी.

बहिणीला मी हे सारे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘म्हणजे त्या दिवशी साधं खरंच संपलं होतं का रे?’’

पदार्थविज्ञानात या प्रश्नाचे उत्तर नाही. पण आता कुणी तसे म्हणाले, की मी पुढच्या पंपापर्यंत जातो.